नवशिक्षकाची तग आणि ‘दिवास्वप्न’ : एक पुनर्वाचन

सारांश : गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक अध्यापक-शिक्षणाच्या क्षेत्रात प्रामुख्याने प्रेरणादायी कथा म्हणून वाचले जाते. प्रस्तुत लेखात या पुस्तकाकडे एका नवशिक्षकाच्या पहिल्या वर्षाचा वृत्तान्त म्हणून पाहिले आहे. नायक लक्ष्मीराम याची तग धरण्याची क्षमता हा केवळ त्याचा स्वभावगुण नसून त्याला मिळालेली मुभा, वेळ आणि संरक्षण यांतून ती घडत जाते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्या अनुषंगाने पुस्तकाच्या मर्यादा व आजच्या नवशिक्षकाच्या सेवाशर्ती यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : नवशिक्षक, तग, दिवास्वप्न, गिजुभाई बधेका, सेवाशर्ती, मार्गदर्शन.

प्रास्ताविक

शिक्षकी पेशातील पहिली काही वर्षे कसोटीची असतात, हे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात या पेशाचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले. इतर व्यवसायांत उमेदवारीच्या काळात जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढत जाते. शिक्षकावर मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण वर्गाची जबाबदारी येऊन पडते. वीस-पंचवीस वर्षे अध्यापन केलेल्या ज्येष्ठाला जे काम असते तेच काम कालच रुजू झालेल्याला असते, आणि ते त्याला बंद दाराआड एकट्याने पार पाडावे लागते. सायमन वेनमन यांनी १९८४ मध्ये अनेक देशांतील संशोधनांचा आढावा घेतला, तेव्हा नवशिक्षकांना सर्वाधिक जाणवणारी अडचण वर्गातील शिस्तीची असल्याचे दिसून आले. प्रशिक्षणकाळात मनाशी बाळगलेले अध्यापनाचे चित्र प्रत्यक्ष वर्गात विस्कटते, त्या अनुभवाला त्यांनी वास्तवाचा धक्का म्हटले आहे.

या धक्क्यातून सावरून टिकून राहण्याच्या क्षमतेची चर्चा गेल्या काही दशकांत वाढली आहे. ‘दिवास्वप्न’ या पुस्तकाचा उल्लेख अशा चर्चेत क्वचितच होतो. अध्यापक विद्यालयांतून या पुस्तकाची ओळख करून दिली जाते ती बालकेंद्री शिक्षणाचा आदर्श म्हणून. वस्तुतः त्याचा नायक हा पहिल्यांदाच शाळेच्या वर्गात उभा राहणारा शिक्षक आहे, आणि त्याचा पहिला दिवस पूर्णपणे फसलेला आहे. ही बाब लक्षात घेऊन पुस्तक पुन्हा वाचले असता त्यातून वेगळा अर्थ हाती येतो.

संकल्पनेचा विचार

प्रथम संज्ञेविषयी. या क्षमतेसाठी मराठीत ‘लवचिकता’, ‘चिवटपणा’, ‘पुनरुत्थानक्षमता’ असे पर्याय योजले जातात. यांपैकी ‘लवचिकता’ या शब्दात वाकण्याचा भाव आहे. जो जितका वाकेल तितका चांगला, असा अर्थ त्यातून नकळत ध्वनित होतो. ‘चिवटपणा’ हा शब्द सगळे श्रेय व्यक्तीच्या स्वभावाला देतो. ‘पुनरुत्थानक्षमता’ शास्त्रीय वाटली तरी बोलीत रुळलेली नाही. त्यामानाने ‘तग’ हा शब्द अधिक समर्पक ठरतो. रोप तग धरते असे आपण म्हणतो, तेव्हा रोपाच्या जोमाइतकाच जमिनीचा, ओलाव्याचा आणि आडोशाचा विचार आपल्या मनात असतो. उन्हाळ्यात रोप करपले तर शेतकरी रोपाला दोष देत नाही.

संशोधनाचा प्रवासही याच दिशेने झालेला दिसतो. एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा दीर्घकालीन अभ्यास केला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि त्यामागे मुलांच्या अंगभूत गुणांबरोबरच कुटुंबातील वा कुटुंबाबाहेरील एखाद्या जिव्हाळ्याच्या प्रौढ व्यक्तीचा आधार महत्त्वाचा ठरला. ॲन मास्टेन यांनी २००१ मध्ये या क्षमतेत अलौकिक असे काही नसून ती सर्वसाधारण मानवी आधारांतून उभी राहते, हे ठामपणे मांडले. ख्रिस्तोफर डे व चिंग गु यांनी इंग्लंडमधील सुमारे ३०० शिक्षकांच्या अभ्यासाच्या आधारे शिक्षकांच्या बाबतीतही ही क्षमता स्थिर नसते, नेतृत्व, सहकारी आणि वैयक्तिक आयुष्य यांच्यानुसार ती कमी-अधिक होत राहते, असे दाखविले. ऑस्ट्रेलियात ब्रूस जॉन्सन व सहकाऱ्यांनी ५९ नवशिक्षकांच्या अनुभवांचा मागोवा घेऊन २०१५ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात तर व्यक्तीच्या गुणांची यादी देण्याऐवजी धोरणे, कामाचे स्वरूप, शाळेची संस्कृती, परस्परसंबंध आणि शिक्षकाची स्वतःविषयीची जाणीव या पाच अंगांनी परिस्थितीचा विचार केला आहे.

तात्पर्य, तग हा व्यक्ती आणि परिस्थिती यांच्यातील व्यवहार आहे. या भूमिकेतून ‘दिवास्वप्न’कडे वळता येईल.

पुस्तकाची पार्श्वभूमी

गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) हे मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने ते माँटेसरी विचारांकडे वळले, वकिली सोडून १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे गुजराती पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हिंदी, मराठी, इंग्रजी व अन्य भाषांत त्याचे अनुवाद झाले. म्हणजेच पुस्तक लिहिले तेव्हा लेखक नवखा नव्हता. अनुभवाने परिपक्व झालेल्या शिक्षकाने मुद्दाम एका नवख्याला निवेदक केले आहे. सर्वसामान्य प्राथमिक शाळा, चौथीचा वर्ग, एक वर्षाचा काळ आणि चार भाग अशी या कथनाची रचना आहे. पुस्तकाला ‘दिवास्वप्न’ म्हणताना हे स्वप्न अनुभवाच्या पायावर उभे आहे, अशी लेखकाची धारणा होती.

पहिल्या दिवसाचे अपयश

लक्ष्मीराम आदल्या रात्री पहिल्या दिवसाचे सविस्तर टाचण तयार करतो. वर्गात शांततेचा खेळ घ्यावा, असे त्याने योजिले आहे. खिडक्या बंद केल्या जातात, मुलांना शांत बसून ऐकायला सांगितले जाते. आणि मुले चित्रविचित्र आवाज काढून गोंधळ घालू लागतात. एकेक योजना फसत जाते, आणि शेवटी तो मुलांना लवकर सोडून देतो. त्यावरून मुख्याध्यापकांची नाराजीही ओढवून घेतो. वेनमन यांनी अनेक दशकांनंतर नोंदविलेली नवशिक्षकाची पहिली अडचण येथे जशीच्या तशी चित्रित झाली आहे.

येथे लक्षणीय आहे ती लक्ष्मीरामने या अपयशाची केलेली उकल. मुले वाईट आहेत असा निष्कर्ष तो काढत नाही. आपण शिक्षक होण्यास नालायक आहोत असेही तो ठरवत नाही. ज्या मुलांना शांततेची सवयच नाही, ज्यांचा आपल्याशी परिचयही नाही, त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी अशी अपेक्षा करणे चुकीचे होते, हे त्याच्या ध्यानात येते. शांततेचा खेळ माँटेसरी पद्धतीतला आहे. त्यासाठी तयार केलेले वातावरण लागते. ते नसताना केवळ तंत्र उचलून आणले, ही चूक त्याला उमगते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो, आणि तेथून वर्गाशी त्याचे नाते जुळते.

अपयशाचा अर्थ लावण्याची ही कृती म्हणजेच तग. ती निमूटपणे सोसण्यापेक्षा वेगळी आहे. सोसणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी तोच पाठ अधिक मोठ्या आवाजात घेतो. फार तर छडी हाती घेतो. अर्थ लावणारा शिक्षक पाठच बदलतो. मात्र पाठ बदलण्यासाठी तसे करण्याचा अधिकार असावा लागतो. लक्ष्मीरामला तो कोठून मिळाला, हा प्रश्न पुस्तकाच्या रूढ वाचनात विचारलाच जात नाही.

दुर्लक्षित पात्र : शिक्षणाधिकारी

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या प्रारंभीच आहे. लक्ष्मीराम शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन एक वर्ग मागतो. अधिकारी साशंक आहेत. हे काम दिसते तितके सोपे नाही, याची जाणीव ते करून देतात. वर्षअखेरीस परीक्षा आहे हेही बजावतात. तरीही ते वर्ग देतात आणि पद्धतीच्या बाबतीत मोकळीक देतात. समीक्षेच्या दृष्टीने हे पात्र फार महत्त्वाचे आहे. लक्ष्मीरामवर विश्वास बसण्यापूर्वीच त्यांनी त्याला मुभा दिली आहे. वर्षभरात ते वर्गाची पाहणी करतात, शंका विचारतात, क्वचित सावधही करतात. परंतु दिलेली मुभा काढून घेत नाहीत.

या एका निर्णयातून नवशिक्षकाला तीन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे चुकण्याची परवानगी. पहिल्या दिवसाच्या फजितीवरून त्याचा निकाल लावला जात नाही. दुसरी म्हणजे सलग वेळ. एकच वर्ग, तीच मुले आणि पूर्ण वर्ष त्याच्या हाती आहे. म्हणूनच गोष्टींपासून सुरुवात करून पुढे स्वच्छता, खेळ, वाचन, नाट्य असा क्रम तो आखू शकतो. प्रत्येक मुलाने तीच पाठ्यपुस्तके विकत घेण्याऐवजी त्या पैशातून वर्गाचे ग्रंथालय उभारण्याचा प्रयोग महिन्या-दोन महिन्यांच्या नेमणुकीत शक्यच नव्हता. तिसरी म्हणजे संरक्षण. मुख्याध्यापकांची नाराजी, सहकाऱ्यांची थट्टा, पालकांची अनास्था या सगळ्यांना तो तोंड देतो. त्याने बोलावलेल्या सभेला फारच थोडे पालक येतात. अशा प्रसंगी त्याचे मन खट्टू होते, पण त्याचे स्थान डळमळीत होत नाही.

‘एक शिक्षक काय करू शकतो’ याचा दाखला म्हणून हे पुस्तक नवशिक्षकांच्या हाती देणाऱ्यांनी ‘एक अधिकारी काय करू शकतो’ याचाही दाखला त्यात आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. पुस्तक प्रशिक्षणार्थींबरोबरच मुख्याध्यापक, प्राचार्य आणि संस्थाचालक यांच्याही वाचनात यावे, असे म्हणावेसे वाटते ते याच कारणाने.

पुस्तकाच्या मर्यादा

या वाचनातून पुस्तकाच्या मर्यादाही स्पष्ट होतात. लक्ष्मीराम उपजीविकेसाठी शिक्षक झालेला नाही. तो स्वेच्छेने, प्रयोग करण्यासाठी आलेला आहे. वर्ष संपल्यावर सेवेत कायम होऊ की नाही, ही चिंता त्याला नाही. याउलट त्याचे सहकारी हे त्याच शाळेवर संसार चालविणारे आहेत. त्यांच्या कुरकुरीतून आणि थट्टेतून त्यांच्या अडचणी डोकावतात. परंतु कथन त्या अडचणींपाशी थांबत नाही. नायकाच्या उजळ प्रतिमेला पार्श्वभूमी पुरविणे, एवढेच काम या पात्रांकडे राहते. यांपैकी एखादा शिक्षकही कधी नव्या उमेदीने आला असेल, आणि पहिल्या दिवसाच्या फजितीनंतर त्याला दुसरा पाठ करून पाहण्याची मुभा मिळाली नसेल, ही शक्यता पुस्तकात उमटत नाही.

दुसरी मर्यादा एकटेपणाची. लक्ष्मीरामला अधिकाऱ्याचे संरक्षण आहे, पण सोबत नाही. संध्याकाळी बसून आजचा पाठ का फसला, याची चर्चा ज्याच्याशी करावी असा ज्येष्ठ सहकारी त्याला लाभत नाही. तो स्वतःशीच विचार करतो. कथेत हे खपून जाते, कारण त्याच्या विचारामागे गिजुभाईंच्या दीर्घ अनुभवाचे बळ आहे. खऱ्या नवशिक्षकाजवळ हे बळ नसते.

विशेष म्हणजे गिजुभाईंच्या प्रत्यक्ष कार्यात ही सोबत होती. ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शाळेत शिकविण्याचा अनुभव गाठीशी असला तरी ग्रामीण बालशिक्षणात अनुताई नवख्याच होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेण्याचे प्रयोग तेथे झाले. लक्ष्मीरामने पाठ बदलला. येथे शाळेची जागाच बदलली. ताराबाई व अनुताई यांचे गुरु-शिष्येचे आणि सहकाऱ्यांचे नाते १९७३ मध्ये ताराबाईंच्या निधनापर्यंत टिकले. कथेतील एकाकी प्रयोगापेक्षा हा इतिहास नवशिक्षकाच्या प्रश्नाला अधिक पूर्ण उत्तर देतो.

आजच्या संदर्भात

महाराष्ट्रातील आजच्या नवशिक्षकाकडे पाहिले असता लक्ष्मीरामला मिळालेल्या तिन्ही गोष्टी दुर्मीळ झाल्याचे दिसते. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तिच्यानुसार नवनियुक्त शिक्षकाला पहिली तीन वर्षे नियमित वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधनावर काम करावे लागते. हे मानधन २०१२ मध्ये प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांसाठी अनुक्रमे ६,०००, ८,००० व ९,००० रुपये झाले. त्यानंतर थेट २०२३ मध्ये ते १६,०००, १८,००० व २०,००० रुपये करण्यात आले. मधल्या दहा-अकरा वर्षांत महागाई थांबलेली नव्हती. ज्या काळात शिक्षकाला सर्वाधिक आधाराची गरज असते, नेमक्या त्याच काळात त्याला सर्वांत कमी मोबदला व सर्वांत कमी सुरक्षितता मिळते, ही या व्यवस्थेतील विसंगती आहे.

महाविद्यालयीन स्तरावर तासिका तत्त्वावरील अध्यापकाची स्थिती याहून नाजूक आहे. त्याला लक्ष्मीरामसारखे सलग वर्ष मिळत नाही. तो घेतलेल्या तासांचा धनी असतो. परीक्षांच्या आणि सुट्यांच्या काळात त्याचे उत्पन्न थांबते. पुढील वर्षी हेच विद्यार्थी आपल्यासमोर असतील की नाही, हे त्याला ठाऊक नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावी आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे, असे नमूद केले आहे. विनियमातील हे वाक्य आणि प्राध्यापक-कक्षातील वास्तव यांतील अंतर या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या पार्श्वभूमीवर मनोबलवृद्धीच्या कार्यशाळांकडे पाहावे लागते. ताणाचे व्यवस्थापन, सकारात्मक दृष्टी, श्वसनाचे व्यायाम यांचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु सेवाशर्तींविषयी मौन बाळगून केवळ मनोबलाविषयी बोलले जाते, तेव्हा तग ही संकल्पनाच उलटी होते. जो टिकला नाही त्याच्यातच काही कमी होते, असा निष्कर्ष आपोआप निघतो. व्यवस्थेने जे द्यायचे ते नवशिक्षकाने स्वतःच्या मनातून काढून दाखवावे, अशी अपेक्षा निर्माण होते. मास्टेन यांच्यापासून जॉन्सन यांच्यापर्यंतच्या संशोधनाचा रोख याच्या नेमका विरुद्ध आहे.

काही आश्वासक प्रयत्नही नोंदविले पाहिजेत. आयोगाने २०१९ मध्ये ‘गुरुदक्षता’ हा नवनियुक्त अध्यापकांसाठीचा प्रवेश-प्रशिक्षण कार्यक्रम आखला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांच्या साहाय्याने मार्गदर्शनाची राष्ट्रीय मोहीम सुचविली आहे. हे उपक्रम सोबतीची उणीव काही अंशी भरून काढू शकतात. तथापि प्रशिक्षण नवनियुक्तांसाठी असते, आणि मोठ्या संख्येने तरुण अध्यापक तर नियुक्तीच्या दाराबाहेर वर्षानुवर्षे उभे असतात. त्यांच्यापर्यंत ही सोबत पोहोचल्याशिवाय प्रश्न सुटणार नाही.

धोरणाची वाट न पाहता महाविद्यालयाला आपल्या पातळीवर करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. नव्या अध्यापकाला उरलेसुरले तास देण्याऐवजी एखादा वर्ग वर्षभर सलग द्यावा. पहिल्या सत्रात त्याच्यावर समित्यांचे काम टाकू नये. विभागातील एका ज्येष्ठाने त्याचा तास पाहावा, आणि त्यालाही आपला तास पाहू द्यावा. मात्र या भेटीची नोंद मूल्यमापनाच्या कोणत्याही प्रपत्रात जाऊ नये. यांतील कशालाही वेगळे अनुदान लागत नाही. लक्ष्मीरामच्या अधिकाऱ्यांनीही त्याला पैसा दिला नव्हता. वर्ग दिला होता.

निष्कर्ष

‘दिवास्वप्न’च्या या पुनर्वाचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. एक, लक्ष्मीरामची तग त्याच्या सोशिकपणात नसून अपयशाचा अर्थ लावून कृती बदलण्यात आहे. दोन, ही कृती शक्य होते ती शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेल्या मुभेमुळे, सलग वेळेमुळे व संरक्षणामुळे. म्हणून हे पात्र नायकाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. तीन, उपजीविकेची विवंचना आणि सहकाऱ्यांची सोबत या दोन प्रश्नांबाबत पुस्तक अपुरे पडते. त्यांपैकी सोबतीचे उत्तर बोर्डी-कोसबाडच्या इतिहासात सापडते, विवंचनेचे उत्तर मात्र व्यवस्थेनेच द्यावयाचे आहे.

वर्षअखेरीस लक्ष्मीरामच्या वर्गाचे यश मान्य होते. वाचक त्या यशाने भारावून जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि पुस्तक मिटल्यावर पहिल्या दिवसाची आठवण ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल. त्या दिवशी वर्ग फसला होता, मुले वेळेआधी घरी गेली होती आणि मुख्याध्यापक नाराज झाले होते. तरीही दुसऱ्या दिवशी त्या वर्गाचे दार लक्ष्मीरामसाठी उघडे होते. नवशिक्षकाच्या तग धरण्याची चर्चा त्या उघड्या दारापासून सुरू व्हावयास हवी.